वजन वाढलेलं अंडं

आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात. पण खोटं अंडं असं करतात, की प्रत्यक्ष पक्षीण त्याच्यावर पंख फुलवून बसते. हे कातारी आहेत. म्हणजे लेथवर लाकूड गरगर फिरवायचं आणि पटाशी टेकवून त्याला गोल आकार द्यायचा, हा ह्यांचा धंदा. चाळीस वर्षं खुर्च्यांचे पाय, जिन्याचे कठडे, लाटणी, भोवरे आणि बुद्धिबळाचे उंट-घोडे करण्यात गेली. घराची पुढची खोली म्हणजेच कारखाना, त्यामुळे आमच्याकडे भुसा साखरेच्या डब्यातही सापडतो. पाहुण्यांना मी आधीच सांगून ठेवते, चहात तरंगलं काही तर ते लाकूड आहे, घाबरू नका.

लग्न ठरलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, माणूस शांत आहे, तुला त्रास व्हायचा नाही. शांत आहेत, खरं आहे. पण ह्यांना डाग सोसत नाही, हे आईला कुणी सांगितलं नव्हतं. मेजाच्या खालच्या बाजूला, जिथे जन्मात कुणी वाकून बघणार नाही, तिथेसुद्धा एखादा चरा राहिला तर ह्यांना झोप नाही. मी एकदा वैतागून विचारलं, "अहो, मेजाच्या पोटाकडे कोण बघतंय?" तर म्हणाले, "मेज बघतं."

ह्या स्वभावापायीच यंदा आमच्या तोंडचं पाणी पळालं. तेच सांगायला बसले आहे.

आमच्या गावाला लागून मोठं तळं आहे आणि तळ्याच्या पलीकडच्या काठावर एक बंद पडलेला कारखाना. पिकांवर फवारायचं औषध तिथे बनायचं. त्याचा धक्का आणि धक्क्यावरचा दिव्याचा उंच मनोरा अजून उभा आहे. ह्या मनोऱ्याच्या माथ्यावर काटक्यांचा भला थोरला ढीग रचून एक शिकारी पक्ष्यांची जोडी राहते. पुस्तकात त्यांना काय म्हणायचं ते म्हणोत, गावात सगळे त्यांना मासेमाऱ्या आणि मासेमारीण म्हणतात. वरून दगड पडावा तसा पक्षी पाण्यात पडतो आणि पंजात मासा घेऊन उठतो. पूर्वी काठाकाठाने त्यांची पंधरा-वीस घरटी होती. मग एकेक करत सगळी ओस पडली आणि ही एक उरली.

अकरा वर्षांपूर्वी एक बाई आमच्या दारात आल्या. अंगात खिशांचं जाकीट, पायात चिखलाचे बूट आणि हातात कापूस भरलेली डबी. त्या पक्ष्यांच्या डॉक्टर. डबीतून त्यांनी अंड्याचं फुटकं कवच काढलं आणि ह्यांच्या तळहातावर ठेवलं. ह्यांनी नुसती बोटं मिटली तर त्याचा चुरा झाला. हे इतके ओशाळले की काय सांगू. बाई म्हणाल्या, "काका, तुमची चूक नाही. अहो, त्याची आई बसली तरी ते असंच मोडतं."

मग त्यांनी आमच्या ओट्यावर बसून सगळं समजावून सांगितलं. कारखान्याच्या औषधात क्लोरीनचे असे काही पदार्थ होते, जे पाण्यात विरघळून निघून जात नाहीत. ते तळाच्या गाळात बसून राहतात आणि जिवाच्या चरबीत साठतात. शेवाळात चिमूटभर, शेवाळ खाणाऱ्या माशात त्याहून जास्त, त्या माशाला खाणाऱ्या माशात आणखी जास्त, आणि तो मासा जी रोज खाते तिच्या अंगात सगळ्यांत जास्त. ती आजारी पडत नाही. छान उडते, छान शिकार करते. फक्त अंडं घालायची वेळ आली की तिच्या अंगातला चुना कवचापर्यंत पोहोचत नाही. अंडं पातळ होतं. ती उबवायला बसते आणि तिच्याच भाराने ते पिचतं. कारखाना बंद होऊन तेव्हाच चार वर्षं झाली होती, पण गाळातलं जायला काळ लागतो, असं बाई म्हणाल्या. मला तेव्हा त्या पक्षिणीपेक्षा कारखान्याचाच राग आला. अजून येतो.

बाईंचा उपाय असा होता. घरट्यातलं खरं अंडं उचलायचं, त्या जागी लाकडी अंडं ठेवायचं. पक्षीण लाकडावर बसून राहील, घरटं सोडणार नाही. इकडे खरं अंडं प्रयोगशाळेत उबवणीच्या यंत्रात ठेवायचं. पिल्लू निघालं की परत नेऊन तिच्याखाली सरकवायचं. "फक्त अंडं असं हवं, की तिला कळता कामा नये," बाई म्हणाल्या. ह्यांनी विचारलं, "ती किती बारीक बघते?" बाई म्हणाल्या, "चाळीस मीटरवरून पाण्यातला मासा बघते." हे खूष झाले. इतक्या बारीक नजरेचं गिऱ्हाईक ह्यांना जन्मात मिळालं नव्हतं.

आकार ह्यांचा, रंग माझा. भुरकट पांढऱ्यावर मातकट डाग हवे होते. मी जुना दातांचा ब्रश रंगात बुडवून अंगठ्याने उडवते, आणि मोठे ठिपके काडीला कापूस गुंडाळून. अंड्याचं वजनही बरोबर लागतं, म्हणून हे लाकूड आतून पोकळ करून वाळू आणि मेण भरतात. आणि बाईंनी एक नियम घालून दिला होता. लाकडी अंड्याच्या बुडाला करवतीची एक बारीक खाच हवीच. वर घरट्यात घाईगर्दीत खरं-खोटं ओळखायची तेवढीच खूण. ही खाच पाडताना दर वर्षी हे असा चेहरा करायचे, जसं काही पोटच्या पोराचा कान कापतायत.

नऊ हंगामांत बाईंनी अठरा अंडी खाली आणली. पातळ कवचातून आतलं पाणी उडून जातं, त्यामुळे यंत्रातही बरीचशी वाळून गेली. जगली ती तीनच पिल्लं. मग ती म्हातारी पक्षीण एका हिवाळ्यात परत आली नाही, आणि दोन वर्षं मनोरा रिकामा राहिला. नर एकटाच कधीमधी येऊन बसायचा. बाईंनी आमच्याकडे येणं सोडलं नाही, पण आल्या की बोलणं आपलं हवापाण्याचं.

यंदा नवी मादी आली. तरणी, थोडी वेंधळी. काटक्या आणताना अर्ध्या पाण्यात पाडायची. तिने एकच अंडं घातलं. बाईंचा लगेच फोन आला. "काका, सगळ्या तळ्याचं मिळून एकच आहे. तुमचं सगळ्यांत चांगलं अंडं द्या."

आता सगळ्यांत चांगलं द्या असं आमच्या ह्यांना कुणी सांगावं का? आठ दिवस दुसरं काम नाही. चार अंडी करून फेकली. पाचवं झालं ते असं, की मीही हातात घेऊन बघत राहिले. मी डाग घातले, तेही नेमके पडले. मग खाच पाडली. त्या संध्याकाळी मी दारातून पाहिलं, हे खिडकीशी बसून बोटाच्या टोकाने त्या खाचेत पुट्टी भरत होते. वरून माझाच रंग लावला. मी विचारायला हवं होतं. पण खरं सांगू? खाच बुजल्यावर ते अंडं अधिक सुरेख दिसत होतं, आणि त्यावरचे डाग माझे होते. मी चहा ठेवायला आत गेले.

मनोऱ्यावर चढायचं काम खारीचं. हा मनोरे आणि टाक्या रंगवणारा पन्नाशीचा गडी, इतका सरसर चढतो म्हणून सगळे त्याला खार म्हणतात. तो लाकडी अंडं गरम पाण्याच्या रबरी पिशवीला लावून नेतो, म्हणजे पक्षिणीला गार लागू नये. तो वर गेला, लाकडी अंडं खऱ्याशेजारी ठेवलं, आणि तेवढ्यात मादीने त्याच्या शिरस्त्राणावर असा तडाखा दिला, की त्याने डोळेच मिटले. उघडले तर दोन अंडी एकमेकांना टेकलेली. त्याने जवळचं उचलून बूड बघितलं. खाच नाही. म्हणजे हे खरं. पिशवीत घातलं आणि उतरला.

पाचव्या दिवशी दुपारी आम्ही चहा घेत होतो आणि बाईंचा फोन आला. आवाज नुसता नाचत होता.

"काका, चांगली बातमी आहे. पाच दिवस झाले, अंड्याचं वजन घटतच नाहीये. कवच एकदम दणकट असणार."

"काहीच घटलं नाही?" ह्यांनी विचारलं.

"उलट पाऊण ग्रॅम वाढलंय. काटा जरा बिघडलाय वाटतं, पण घटलं नाही हे नक्की."

"यंत्रात ओल किती ठेवलीय?"

"नेहमीसारखी, भरपूर. का हो?"

"काही नाही. येतोच आम्ही."

फोन ठेवला तेव्हा ह्यांचे कान लालभडक झाले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "अगं, अंडं कधी वजन वाढवत नाही."

"मग?"

"लाकूड वाढवतं. ओल पितं ते."

म्हणजे यंत्रात लाकूड होतं, आणि तळ्याचं एकुलतं एक अंडं त्या वेंधळ्या पोरीच्या अंगाखाली. मी घाबरून जे बोलले त्याची मला लाज वाटते, पण बोलले खरी. "अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. महिन्याभराने उबलं नाही एवढंच कळेल त्यांना." ह्यांनी पायात चपला घातल्या. मीही मागोमाग निघाले.

प्रयोगशाळा म्हणजे जुन्या शाळेची एक खोली. भिंतीला फळा अजून आहे, त्यावर बाई रोजचं वजन लिहितात. यंत्राच्या काचेआड आमचं अंडं ऐटीत पडलं होतं. बाई म्हणाल्या, "हात नका लावू काका, पिचेल." हे म्हणाले, "ते नाही पिचायचं." काच सरकवून अंडं काढलं, खिशातली छोटी सुरी घेतली आणि बूड खरवडलं. रंग गेला, पुट्टी गेली, आणि खाच वर आली. मग हे उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळे झाले. मध्येच मी म्हणाले, "मीही पाहिलं होतं, बाई. मीही गप्प बसले." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते आम्ही दोघांनी मिळून केलं होतं.

मला वाटलं, बाई आता आम्हाला बाहेर काढतील. त्या स्टुलावर बसल्या. फळ्यावरची पाच दिवसांची वजनं वाचली. मग त्यांना हसू फुटलं. तोंडावर हात धरला तरी थांबेना. "पाच दिवस मी लाकडाला दर चार तासांनी कुशीवर वळवतेय," त्या म्हणाल्या, "काल तर त्याच्याशी बोललेसुद्धा." आणि हसता हसता डोळे पुसून त्या खिडकीशी गेल्या. तिथून मनोरा दिसतो. मग आम्ही तिघंही तिकडे बघू लागलो, आणि हसणं संपलं.

खारीला बोलावलं. तो म्हणाला, आत्ता चढतो. बाईंनी नको म्हटलं. "ती पाच दिवस बसलीय. आता दचकून उठली तर पायानेच फोडेल. मोडायचं असेल तर एव्हाना मोडलं असेल, आणि नसेल मोडलं, तर तिच्याइतकं चांगलं आपल्याला येत नाही." खार बिचारा पुन्हापुन्हा सांगत होता, "मी बूड बघितलं होतं हो काका." ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू बरोबर होतास. मी नव्हतो."

त्या दिवसापासून लेथ बंद. सकाळी सात वाजता हे आणि मी घडीच्या खुर्च्या घेऊन अलीकडच्या काठावर. बाईंनी तिकाटण्यावरची दुर्बीण दिली होती. एका जिन्याचं गिऱ्हाईक कठडा मागायला काठापर्यंत आलं, तर हे म्हणाले, "शू. ती बसलीय." तो आमच्याकडे असा बघत गेला, जसं काही म्हातारपणी दोघांच्याही डोक्यावर परिणाम झालाय.

पण काय सांगू, ते दिवस मजेत गेले. एवढ्या वर्षांत आम्ही दोघं नुसते शेजारी शेजारी कधी बसलो होतो? मला ती जोडी घरच्यासारखी झाली. तो मासा आणायचा, तिला द्यायचा आणि मग तिला उठवून स्वतः बसायचा. बसताना पंजांची नखं मुठीसारखी आत वळवायचा, अंड्याला लागू नयेत म्हणून. मी ह्यांना म्हटलं, "बघा, बघा जरा. तुम्ही पोरीला पहिल्यांदा उचललंत तेव्हा दोन्ही हात पोलिशने बरबटलेले होते." तर म्हणाले, "पोरीला चकाकी आली ना पण?" मुलगी आमची दूर असते, रोज फोन करून पक्षिणीची खबर विचारायची. आमची विचारायची नाही.

मजा होती, पण धाकधूकही होती. मादी बसायला आली की हे मान पुढे काढून पुटपुटायचे, "सावकाश गं बाई, सावकाश." ती उठून वाकून काही चाचपायला लागली की हे खुर्चीतून उठून उभे राहायचे. ह्यांचं जेवण निम्म्यावर आलं. एक दिवस मला म्हणाले, "एवढ्या वर्षांत मी काही मोडलं नाही गं. मोडलं तर हे एकच मोडायचं होतं का?" मी एरवी ह्यांना चिमटे काढायची संधी सोडत नाही, पण त्या दिवशी ह्यांचा हात धरून बसले.

बाईंच्या हिशेबाने सदतिसाव्या दिवशी पिल्लू यायला हवं होतं. सदतिसावा गेला. अडतिसावा गेला. बाई दोन्ही दिवस आमच्यासोबत होत्या, आणि त्यांनी हातातली वही उघडलीच नाही. एकोणचाळिसाव्या दिवशी सकाळी मादी उठून घरट्याच्या कडेला उभी राहिली आणि खाली बघत राहिली. किती तरी वेळ. मग नर मासा घेऊन आला. तिने मासा पायाखाली धरला, एक कण तोडला. एवढासा, मोहरीएवढा. आणि मान खाली, खाली, खूप खाली नेली.

हे दुर्बिणीला डोळा लावून होते. एकदम बाजूला झाले. "तू बघ गं. ह्या दुर्बिणीत काहीतरी बिघाड झालाय, सगळं पुसट दिसतंय."

"दुर्बीण बरी आहे," मी म्हटलं. "डोळे पुसा."

मी बघितलं. काटक्यांच्या वर एक राखाडी डोकं डुगडुगत होतं. चोच उघडी. आईने कण ठेवला, तो खाली पडला, तिने दुसरा तोडला. वेंधळी म्हणत होते मी तिला. मी बाईंच्या गळ्यात पडून रडले, आणि त्या माझ्या.

दुपारी मादीने रिकामं कवच चोचीत धरून कडेवरून टाकलं. खारीने ते मनोऱ्याच्या पायथ्याशी गवतात शोधून काढलं. दोन मोठे तुकडे होते. बाईंनी मापक लावलं, एकदा, दोनदा, पाच ठिकाणी. म्हाताऱ्या पक्षिणीच्या कवचापेक्षा हे कितीतरी जाड होतं, निरोगी अंड्याला असतं जवळपास तेवढं. तळ्यातलं विष अजून आहे, पण आईला अंडं मोडायला लावण्याइतकं राहिलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. आपण होऊन त्यांनी हे कधीच करून बघितलं नसतं, एकुलतं एक अंडं तिच्या भरवशावर ठेवायची त्यांची छाती झाली नसती, हेही त्यांनी कबूल केलं. कवचाचा एक तुकडा त्यांनी ह्यांच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "दाबा." हे तयार होईनात. शेवटी दाबलं. मोडलं नाही.

मग बाई हळूच म्हणाल्या, "काका, आता लाकडी अंडी नकोत. पुढच्या वर्षीही नकोत. बहुतेक कधीच नकोत."

घरी येताना रस्त्यात जो भेटेल त्याला हे थांबवून सांगत सुटले, "माझं काम गेलं." केस कापणारा दुकानाच्या पायरीवर उभा होता, त्याला सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. कोपऱ्यावरचा शिंपी भला माणूस, तो मशीन थांबवून बाहेर आला. "अकरा वर्षांचं काम असं एकदम गेलं? वाईट झालं हो," तो म्हणाला.

"वाईट कसलं," हे म्हणाले. "दोन महिन्यांत उडेल ते."